यवनपुरातील एक दिवस

एका दिवसाची सवड काढून अलेक्झांड्रियाला जाणारा प्रवासी ज्या वस्तूंची नावे मनात घेऊन गाडीतून उतरतो, त्यांपैकी बहुतेक वस्तू तेथे नाहीत. जगातील सात आश्चर्यांत गणला गेलेला दीपस्तंभ नाही. टॉलेमी राजांनी उभारलेले ग्रंथालय नाही. ज्याच्या नावाने हे नगर वसले त्या सिकंदराची समाधी नेमकी कोठे होती, हे आजवर कोणालाही दाखविता आलेले नाही. क्लिओपात्राचा राजवाडा ज्या किनाऱ्यावर उभा होता, तो किनाराच खचून समुद्राच्या तळाशी गेला आहे. निदान 'क्लिओपात्राच्या सुया' म्हणून प्रसिद्ध असलेले दोन पाषाणस्तंभ तरी जागेवर असावेत, तर त्यांपैकी एक १८७८ पासून लंडनला टेम्स नदीच्या काठी आणि दुसरा १८८१ पासून न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा आहे. इतके सारे गमावून बसलेले नगर पाहावयास जावे तरी कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. एका दिवसाच्या फेरफटक्यात या प्रश्नाचे उत्तर मिळते; मात्र ते उभ्या असलेल्या इमारतींपेक्षा मोकळ्या पडलेल्या जागाच अधिक स्पष्टपणे देतात.

कैरोहून सकाळच्या गाडीने निघाले म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास नील नदीच्या त्रिभुज प्रदेशातून होतो. दोन्ही बाजूंना सपाट हिरवी शेते, मधून मधून कालवे, खजुरीची झाडे आणि मातीच्या रंगाची खेडी. हा लोहमार्ग १८५६ साली पुरा झाला. सुएझचा कालवा तेव्हा व्हावयाचा होता. इंग्लंडहून मुंबईला येणारा उतारू आणि मुंबईची टपाल अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उतरत, इजिप्तची भूमी ओलांडून सुएझला जात आणि तेथून पुन्हा आगबोटीने मुंबईची वाट धरीत. १८६९ साली कालवा खुला झाला आणि मुंबईकडे जाणाऱ्या बोटींना येथे उतरण्याचे कारण उरले नाही. अशा तऱ्हेने मार्ग बदलले की बंदराचे दैव पालटते, आणि असे दैव पालटण्याचा अनुभव या नगराला एकदाच आलेला नाही.

नगराची स्थापना ख्रिस्तपूर्व ३३१ या वर्षीची. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला मरिओतिस सरोवर, समोर फारोस नावाचे लांबट बेट, अशी ही जागा सिकंदराच्या नजरेत भरली. प्लुटार्कने एक कथा सांगितली आहे. नगराची आखणी करावयास खडू मिळेना, म्हणून काळ्या जमिनीवर पिठाने रेघा ओढण्यात आल्या. तोच नदीवरून आणि सरोवरावरून पक्ष्यांचे थवेच्या थवे आले आणि ते सारे पीठ त्यांनी टिपून नेले. राजाला हा अपशकुन वाटला. परंतु शकुन सांगणाऱ्यांनी त्याची समजूत घातली की, हे नगर देशोदेशींच्या लोकांना अन्न पुरवील. सिकंदर पुढे निघून गेला आणि आपले नगर त्याने पुन्हा डोळ्यांनी पाहिले नाही. बाबिलोनला त्याचा मृत्यू झाल्यावर त्याचे शव तेवढे येथे आले. शकुनाची कथा खरी असो वा नसो, तिच्यातील अर्थ मात्र या नगराला नेमका लागू पडला. येथे मांडून ठेवलेली वस्तू येथे राहिली नाही. ज्यांना पंख होते त्यांनी ती दूर नेली.

मिसर स्थानकाच्या बाहेर पडल्यावर पहिली पाहण्याजोगी जागा अगदी जवळच आहे. तिचे नाव कोम अल्-दिक्का. 'कोम' म्हणजे टेकाड. १९६० पासून पोलंडच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी इजिप्शियन सहकाऱ्यांसह हे टेकाड उकरावयास घेतले, तेव्हा मातीखालून रोमन काळातील घरे, स्नानगृहे आणि संगमरवरी पायऱ्यांचे एक लहानसे अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृह निघाले. येणारे जाणारे या पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढून घेतात आणि मधल्या दगडावर उभे राहून आपला आवाज कसा घुमतो ते अजमावतात. याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र शेजारी आहे, आणि पुष्कळांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. तेथे ओळीने सुमारे वीस दालने आहेत. प्रत्येकात भिंतींना लागून दगडी बाकांच्या दोन-तीन पायऱ्या, एका टोकाला इतरांहून उंच असे एकच आसन, आणि काही ठिकाणी मध्यभागी जमिनीवर एक दगडी चौथरा. ही व्याख्यानगृहे होत. उंच आसन आचार्यांचे, भोवतालची बाके शिष्यांची. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकापर्यंत येथे अध्यापन चालत असे. ग्रंथालयाचे वैभव तेव्हा केव्हाच सरले होते. परंतु ग्रंथालय गेले म्हणून पाठ थांबला नाही, एवढे ही झिजलेली बाके निःसंशय सांगतात.

तेथून नैर्ऋत्येकडे, दाट वस्तीच्या कारमूझ भागात, एका उंचवट्यावर तांबड्या ग्रॅनाइटचा प्रचंड स्तंभ एकटाच उभा आहे. तळखडा आणि शीर्ष धरून त्याची उंची सुमारे सत्तावीस मीटर. त्यातील वीस मीटरांहून अधिक भाग एकसंध दगडाचा, आणि तो दगड दूर दक्षिणेकडील आस्वानच्या खाणीतून आणलेला. सारे जग या स्तंभाला 'पाँपीचा स्तंभ' म्हणते. वस्तुतः पाँपीचा या स्तंभाशी काडीइतकाही संबंध नाही. सीझरकडून पराभव पावलेला तो रोमन सेनापती ख्रिस्तपूर्व ४८ मध्ये आश्रयाला इजिप्तच्या किनाऱ्यावर आला आणि पाय टेकताच मारला गेला. त्याचे मस्तक येथे पुरले असावे, अशी मध्ययुगातील धर्मयोद्ध्यांनी समजूत करून घेतली आणि तीच रूढ झाली. स्तंभ उभारला गेला त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, डायोक्लेशियन या सम्राटाच्या गौरवार्थ. या सम्राटाने बंडखोर अलेक्झांड्रियाला वेढा घालून ते शरण आणले होते. ज्याने नगर जिंकले त्याच्या सन्मानार्थ नगराने स्तंभ उभारावा आणि जगाने तो पराभूत होऊन मेलेल्या भलत्याच माणसाच्या नावावर चढवावा, असा हा प्रकार आहे.

हा उंचवटा म्हणजे सेरापिस देवाच्या मंदिराची जागा. हा देवही या नगराचेच अपत्य. राज्यकर्ते ग्रीक, प्रजा इजिप्शियन. तेव्हा दोघांनाही पुजता यावे असे दैवत टॉलेमी राजांनी प्रतिष्ठित केले. नाव इजिप्शियन ओसिरिस-आपिसवरून घेतलेले, रूप मात्र दाढीधारी ग्रीक देवाचे. या मंदिरात मोठ्या ग्रंथालयाची एक शाखा होती. इसवी सन ३९१ च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा अंमल बसल्यावर मंदिराचा विध्वंस झाला. आज तेथे पायाचे दगड, दोन-तीन स्फिंक्स आणि जमिनीखालील थंडगार भुयारे तेवढी राहिली आहेत.

जमिनीखालचे अलेक्झांड्रिया खऱ्या अर्थाने पाहावयाचे असेल तर जवळच्याच कोम अल्-शुकाफा येथे जावे. खापऱ्यांचे टेकाड असा या नावाचा अर्थ. १९०० साली एक गाढव जमिनीत खचून खाली कोसळले आणि त्यामुळे ही भूमिगत दफनभूमी उजेडात आली, असे सांगतात. वर्तुळाकार जिन्याने खाली उतरावे लागते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात खडकात कोरलेले हे तीन मजले. त्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यात पाणी शिरलेले. मृतांचे आप्तेष्ट येथे येऊन स्मरणभोजन करीत, त्यासाठी खडकातच कोरलेल्या बैठका आहेत. त्या भोजनाची भांडी तेथेच फोडून टाकीत, अशी समजूत आहे आणि तिच्यावरूनच टेकाडाला हे नाव पडले. मुख्य समाधीच्या दाराशी दोन्ही बाजूंस अनुबिस हा इजिप्तचा मृतांचा देव उभा आहे. मुख कोल्ह्याकुत्र्याचे, ही इजिप्तची जुनी रीत. अंगात मात्र रोमन शिपायाचे चिलखत. समाधीतील स्त्रीपुरुषांच्या मूर्ती इजिप्शियन पद्धतीने ताठ उभ्या, पण त्यांचे केस रोमन धाटणीचे. कलावंताचा हात येथे थोडा अडखळलेला दिसतो. दोन जगांच्या रीती एकत्र बसविताना तो कोठेच पूर्ण रमलेला नाही. तरीही भिन्न वंशांची माणसे एका गावात राहू लागली म्हणजे मरणाच्या दारीसुद्धा त्यांचे देव एकमेकांचे कपडे घालतात, हे त्या अर्धवट अंधारात पाहताना मन हेलावून जाते.

पुन्हा उजेडात येऊन उत्तरेला समुद्राकडे निघाले की वाटेत मन्शियाचा चौक लागतो. २६ जुलै १९५६ रोजी येथेच जमलेल्या अफाट समुदायापुढे गमाल अब्देल नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण घोषित केले. नासर यांचा जन्म याच नगरातला, १९१८ मधला. भाषणात त्यांनी कालव्याचा निर्माता द लेसेप्स याचे नाव वारंवार उच्चारले. ते नाव कानी पडताच कालव्याच्या कचेऱ्या ताब्यात घ्यावयाच्या, असा संकेत अगोदरच ठरला होता. ज्या कालव्याने अलेक्झांड्रियाचे उतारू पळविले, त्याची मालकी इजिप्तला परत मिळाल्याची ग्वाही अलेक्झांड्रियाच्याच चौकात फिरावी, हा योगायोगही विलक्षण म्हटला पाहिजे.

चौकाच्या पुढे नगराचा भाग अरुंद होत जातो आणि दोन्ही हातांना समुद्र असल्याची जाणीव होऊ लागते. येथे प्रवासी नकळत एका बुजलेल्या बांधावरून चालत असतो. फारोस बेट किनाऱ्याला जोडण्यासाठी प्राचीन स्थापत्यकारांनी सात स्टेडियम लांबीचा, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा, बांध घातला होता. त्यामुळे समुद्राचे दोन भाग पडून दोन बंदरे निर्माण झाली. पूर्वेकडचे मोठे बंदर आणि पश्चिमेकडचे 'युनोस्तोस', म्हणजे सुखरूप परतीचे. शतकानुशतके बांधाच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला, गाळावर जमीन झाली, जमिनीवर घरे उठली. आज मशिदी, बाजार आणि दाटीवाटीची वस्ती त्याच गाळावर आहे. आजची मोठी गलबते पश्चिमेच्या बंदरात लागतात. पूर्वेच्या बंदरात कोळ्यांच्या रंगीत होड्या डुलत असतात.

या वस्तीत अबुल अब्बास अल्-मुर्सी यांची शुभ्र मशीद आहे. हे तेराव्या शतकातील सूफी संत मूळचे स्पेनमधील मुर्सिया गावचे. मशिदीची आजची वास्तू १९२९ ते १९४५ या काळात मारिओ रोस्सी या इटालियन स्थापत्यकाराने उभारली. स्पेनचा संत, इटलीचा कारागीर आणि भक्तमंडळी इजिप्तचे कोळी, असा हा मेळ बंदराच्या गावीच जमावयाचा.

वस्तीच्या टोकाला, ऐन समुद्रात शिरलेल्या खडकावर, सुलतान कायतबेचा किल्ला आहे. १४७७ ते १४७९ या दोन वर्षांत बांधलेला हा किल्ला ज्या जागेवर उभा आहे, ती दीपस्तंभाची जागा. ख्रिस्तपूर्व २८० च्या सुमारास पुरा झालेला तो स्तंभ शंभर मीटरांहून उंच होता, आणि भूकंपाचे धक्के सोशीत तो सुमारे सोळाशे वर्षे टिकला. चौदाव्या शतकातील धक्क्यांनी अखेर तो पाडला. इब्न बतूता हा प्रसिद्ध मुसाफर १३२६ साली तेथे आला तेव्हा त्याला आत शिरता आले. १३४९ साली तो परत आला तेव्हा दाराशी जाणेही अशक्य झाले होते. पुढे त्याच पडक्या दगडांतून किल्ल्याची उभारणी झाली. भिंतींत मधूनच दिसणाऱ्या तांबड्या ग्रॅनाइटच्या तुकड्यांकडे वाटाडे मोठ्या अभिमानाने बोट दाखवितात. १९९४ साली पाणबुड्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्रतळ धुंडाळला, तेव्हा हजारो घडीव दगड, स्तंभांचे तुकडे आणि स्फिंक्स तेथे पडलेले आढळले. तटाभोवती आता सिमेंटचे अवजड ठोकळे टाकून लाटांचा मारा अडविला आहे. दीपस्तंभ गेला, परंतु बेटाचे नाव नावाड्यांनी सर्व भूमध्य समुद्रभर नेले. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत दीपगृहाला आजही जो शब्द आहे तो 'फारोस'पासूनच आलेला आहे.

किल्ल्याच्या तटावरून दोन्ही बंदरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. भारतीय मनुष्याने येथे घटकाभर थांबावे, कारण या पाण्यातून एके काळी आपल्या भूमीचा माल पुढे रोमला जात होता. मार्ग असा होता. मान्सूनच्या वाऱ्यावर जहाजे तांबड्या समुद्रातील बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांना लागत. तेथून उंटांवर लादलेला माल वाळवंट ओलांडून नील नदीवरील कॉप्टोसला येई आणि नदीतून अलेक्झांड्रियाच्या वखारींत पोचे. मायोस होर्मोसहून एकशेवीस जहाजे हिंदुस्थानकडे सुटतात, अशी नोंद स्ट्राबोने केली आहे. केरळातील मुझिरिसहून निघालेल्या मालासंबंधीचा दुसऱ्या शतकातील एक करारनामा व्हिएन्नात जतन केलेला आहे. त्यातील मालाची अखेरची वखार अलेक्झांड्रियाची. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सागवान सापडले आणि साडेसात किलो काळी मिरी भरलेला एक भारतीय रांजणही सापडला.

पहिल्या शतकात इजिप्तच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी समुद्राच्या प्रवासाची एक वाटाडी पोथी लिहिली. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही; पण सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरे त्याला ठाऊक आहेत. पैठणहून गोमेदाचे दगड आणि तगर म्हणजे तेर येथून कापड गाड्यांतून भडोचला येते, रस्ते मोठे बिकट आहेत, असेही तो लिहितो. या वर्दळीच्या खुणा इकडेही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ यवनांनी दान केल्याचे लेख तेथेच कोरलेले आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती निघाली. पंचगंगेच्या काठी येऊन राहिलेला हा भूमध्य समुद्राचा देव!

किल्ल्यावरून परत फिरून पूर्वेच्या बंदराच्या कडेने अर्धचंद्राकार रस्ता धरला, की एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत समुद्र सोबतीला असतो. एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला जुन्या युरोपीय धाटणीच्या, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेल्या उंच इमारती. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत येथे ग्रीक, इटालियन, ज्यू, आर्मेनियन आणि सिरियन व्यापाऱ्यांची भरगच्च वस्ती होती. १९५६ नंतरच्या वर्षांत त्यांतील बहुतेक कुटुंबे गाव सोडून गेली. आधुनिक ग्रीक भाषेचा थोर कवी काव्हाफी १८६३ साली येथेच जन्मला आणि १९३३ साली येथेच वारला. त्याचे राहते घर आता स्मारक म्हणून जपले आहे. आज पन्नास लाखांहून अधिक माणसे राहत असलेले हे सर्वस्वी अरबी नगर आहे.

या रस्त्याच्या पूर्व टोकाशी नवे ग्रंथालय लागते. प्राचीन ग्रंथालयाच्या स्मरणार्थ जगातील अनेक राष्ट्रांच्या साहाय्याने बांधलेली ही वास्तू १६ ऑक्टोबर २००२ रोजी खुली झाली. १६० मीटर व्यासाची एक तिरपी तबकडी समुद्राकडे कललेली आहे. जणू क्षितिजातून वर येणारे सूर्यबिंब. आस्वानच्या करड्या दगडाच्या बाहेरील भिंतीवर जगातील सुमारे १२० लिप्यांतील अक्षरे कोरलेली आहेत. आत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले अकरा स्तरांचे एकच विशाल वाचनालय. शेकडो तरुण मुलेमुली टेबलांशी माना खाली घालून बसलेली असतात. परीक्षेच्या दिवसांतील कोणत्याही विद्यापीठाचे दृश्य याहून वेगळे नसते, आणि म्हणूनच ते पाहून बरे वाटते.

प्राचीन ग्रंथालयाची संग्रह करण्याची रीत मोठी चमत्कारिक होती. वैद्य गेलेन याने ती नमूद केली आहे. बंदरात जहाज लागले की राजाची माणसे त्यावर चढत आणि सापडतील ते ग्रंथ काढून नेत. त्यांच्या नकला करविल्या जात. मग नक्कल मालकाच्या हाती पडे आणि मूळ प्रत ग्रंथालयात राही. अशा ग्रंथांवर 'जहाजांवरून आलेले' अशी नोंद असे. अथेन्सच्या तीन थोर नाटककारांच्या अधिकृत प्रती तिसऱ्या टॉलेमीने पंधरा टॅलंट चांदी अनामत ठेवून उसन्या आणल्या आणि परत करताना नकला पाठविल्या. अनामत बुडाली तरी त्याची त्याने पर्वा केली नाही. मूळ ते आपल्याजवळ असावे, जगाने नकलेवर संतोष मानावा, हा त्याचा हिशेब. काळाने तो हिशेब पार उलटा केला. आग, युद्धे, धर्मांधता, आणि सर्वांत अधिक उपेक्षा यांनी राजाच्या मूळ प्रती नाहीशा केल्या. जे वाचले ते नकलांच्या रूपाने, कारण नकला बंदराबाहेर गेल्या होत्या.

युक्लिडचे उदाहरण घ्यावे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास याच नगरात त्याने भूमितीचा ग्रंथ रचला. त्याच्या हातची एक ओळही उरलेली नाही. परंतु ग्रंथ बगदादला जाऊन अरबी झाला, अरबीतून बाराव्या शतकात लॅटिन झाला, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून त्याचे 'रेखागणित' हे संस्कृत रूप सिद्ध केले. क्लॉडियस टॉलेमी हा ज्योतिर्विदही येथलाच, दुसऱ्या शतकातला. बंदरात येणाऱ्या खलाशांना आणि व्यापाऱ्यांना विचारून विचारून त्याने जगाचा भूगोल लिहिला. त्यात बैठण म्हणजे पैठण आहे, आणि तेथील राजाचे नाव 'सिरोप्टोलेमाइओस' असे दिले आहे. हा आपला सातवाहन राजा श्रीपुळुमावी. टॉलेमी हे नाव कानावर घट्ट बसलेल्या त्या लेखकाने गोदाकाठच्या राजालाही जवळजवळ आपलेच नाव देऊन टाकले!

या ग्रंथालयाचा एक प्रमुख होता एरॅटोस्थेनिस. दक्षिणेला आस्वान येथे, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही, सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. आपल्या महाराष्ट्रातही वर्षातून दोन दिवस असे बिनसावलीचे येतात. त्याच वेळी अलेक्झांड्रियाला मात्र सावली पडते, आणि ती वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका कोन दाखविते. दोन गावांतील अंतर पाच हजार स्टेडियम. त्याची पन्नास पट केली की पृथ्वीचा परीघ निघाला. एक काठी, एक सावली आणि थोडे गणित, एवढ्यावर माणसाने येथे पृथ्वी मोजली.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहावा. या मोजणीनंतर सुमारे आठशे वर्षांनी, म्हणजे सकाळी पाहिलेल्या त्या दगडी बाकांवर शिष्य बसत असतानाच, कॉस्मस नावाचा एक व्यापारी याच नगरात ग्रंथ लिहीत होता. कल्याण बंदराचे नाव त्याला ठाऊक होते. तेथून तांबे आणि कापड बाहेर जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. परंतु त्याच्या ग्रंथाचा मुख्य सिद्धांत असा की, पृथ्वी गोल नसून सपाट आहे, आणि विश्व हे झाकण असलेल्या पेटीसारखे आहे. सारे अलेक्झांड्रिया त्याच्या मताचे होते असे नाही. तेथेच फिलोपोनससारखे विद्वान गोल पृथ्वीचा पक्ष मांडीत होते. तरीही जेथे पृथ्वी मोजली गेली तेथेच तिचे गोलत्व नाकारणारा ग्रंथ निपजावा, यावरून ज्ञान एखाद्या गावाच्या मातीत मुरून राहत नाही, एवढे ध्यानी येते. ते प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते, नाहीतर ते गाव सोडते.

त्याच सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात वराहमिहिर 'पंचसिद्धांतिका' रचीत होता. त्यातील पाच सिद्धांतांपैकी एकाचे नावच रोमक. पृथ्वीचा गोल अवकाशात निराधार राहिला आहे, हे त्याने निःशंकपणे मांडले आहे. पूर्व-पश्चिम अंतर कालमानाने सांगताना तो यवनपूर आणि उज्जयिनी यांच्यामध्ये सात घटिका वीस पळांचे अंतर देतो. यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रिया, असे अभ्यासक मानतात. आजच्या हिशेबाने ते दोन तास छप्पन्न मिनिटे होतात. प्रत्यक्ष अंतर तीन तास तीन मिनिटांचे आहे. ना दुर्बीण, ना तारायंत्र, ना अचूक घड्याळ, आणि मध्ये एवढा समुद्र व वाळवंट. तरी चूक अवघी सात मिनिटांची.

वराहमिहिराच्या गणिताचा आरंभबिंदू तर याहूनही हृद्य आहे. शके ४२७ मधील चैत्र शुद्ध प्रतिपदा ही त्याने गणनेसाठी धरलेली तिथी. त्या दिवशी मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू करावयाची? उज्जयिनीच्या सूर्योदयापासून तो ती करीत नाही. यवनपुरात सूर्यबिंब अर्धे मावळलेले असेल तो क्षण त्याने निवडला आहे.

म्हणून अलेक्झांड्रियातील दिवसाची अखेर ग्रंथालयासमोरच्या समुद्रकठड्यावर करावी. वसंतात सूर्य बंदरापलीकडे, किल्ल्याच्या अंगाला उतरत जातो. कोळी जाळी आवरीत असतात, कठड्यावर भाजलेली कणसे आणि दाणे विकणाऱ्यांची लगबग असते, अभ्यासातून उठलेली मुलेमुली वाऱ्यावर येऊन बसतात. बिंबाचा खालचा भाग घरांच्या रेषेआड जातो, वरचा तेवढा राहतो. पुढची गाडी गाठावयाची म्हणून या सुमारास पुष्कळ प्रवासी उठू लागतात. त्यांनी दोन मिनिटे थांबावे. हा तोच क्षण, जो दीड हजार वर्षांपूर्वी माळव्यात बसलेल्या एका गणितज्ञाने, बहुधा हे नगर कधीही न पाहता, आपल्या गणिताचा आरंभ म्हणून लिहून ठेवला. त्या वेळी उज्जयिनीत मात्र रात्रीचा पहिला प्रहर जवळजवळ संपलेला असतो.